काढलेली साल, काढलेले छायाचित्र

मराठीत छायाचित्र काढले जाते. चित्र काढले जाते, झाडाची सालही काढली जाते. एखाद्याच्या ताब्यातील जमीन काढून घेतली जाते आणि गेलेल्या माणसाची आठवण काढली जाते. रेखाटणे, सोलणे, हिरावून घेणे आणि स्मरणे या चार क्रिया एका क्रियापदाच्या आश्रयाला याव्यात, हा भाषेचा योगायोग आहे आणि योगायोगावर सिद्धांत उभारता येत नाही. तरीही काही माणसांची चरित्रे अशी असतात, की त्यांच्यात या चारही क्रिया एकाच जागी, एकाच हाताने, काही थोड्या वर्षांच्या अवधीत घडलेल्या दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत लॉडन नदीच्या परिसरात मेंढ्यांचे विस्तीर्ण रान बाळगून असलेला जॉन हंटर केर हा अशांपैकी एक होय.

केर स्कॉटलंडचा. १८३९ साली, वयाच्या विशीच्या आत, तो पोर्ट फिलिप येथे उतरला. मेलबर्न वसून त्या वेळी अवघी चार वर्षे झाली होती. पुढे निरनिराळ्या ठिकाणी मेंढपाळीचा व्यवसाय केल्यानंतर १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने लॉडनच्या खोऱ्यातील फर्नीहर्स्ट हे रान ताब्यात घेतले. तेथे त्याने मेंढ्या पाळल्या, तेथील मूलनिवासींच्या वस्तू जमवल्या आणि १८५० च्या दशकात त्यांची छायाचित्रे काढली. ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छायाचित्रे डग्लस किलबर्न याने मेलबर्नमध्ये १८४७ साली काढली. केरची छायाचित्रे त्यानंतर थोड्याच वर्षांची आहेत. परंतु किलबर्नचे विषय त्याच्या चित्रशाळेत येऊन बसले होते. केरची माणसे त्यांच्या स्वतःच्या भूमीवर उभी आहेत. फरक इतकाच, की वसाहतीच्या दप्तरात ती भूमी आता केरच्या नावावर होती.

ती त्याच्या नावावर कशी आली, हा प्रश्न छायाचित्राच्या चौकटीबाहेरचा वाटतो. वस्तुतः चौकट त्यानेच आखलेली आहे. १८३६ साली ब्रिटिश सर्वेक्षक थॉमस मिचेल या प्रदेशातून गेला. येथील गवताळ मैदाने पाहून त्याने या भूमीला सुदैवी ऑस्ट्रेलिया अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि त्याच्या गाड्यांच्या चाकोऱ्यांमागून मेंढ्यांचे कळप आले. त्याच वर्षापासून वसाहतीचे सरकार वर्षाला दहा पौंड घेऊन परवाना देऊ लागले. त्या परवान्यावर हजारो एकर रान चारणीसाठी वापरता येई. अशा परवानाधारकांना इंग्रजीत 'स्क्वॉटर' म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ, हक्क नसता जागेवर बसलेला माणूस. गंमत अशी, की हा शब्द प्रारंभी हिणवण्यासाठी होता आणि एका पिढीच्या आत तो प्रतिष्ठेचा झाला. १८४७ च्या राजाज्ञेने या बसलेल्या माणसांना दीर्घ मुदतीचे पट्टे मिळाले. ज्यांच्याकडून ही जमीन काढून घेतली गेली, त्यांच्याशी मात्र कोणताही करार झाला नाही. कायद्याच्या दृष्टीने ती आधीपासूनच कोणाची नव्हती. ही कल्पना ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात नाकारली, ती १९९२ साली.

केरने आपल्या आठवणींचे पुस्तक १८७२ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध केले. त्यात वसाहतीतील जीवनाची ओझरती दर्शने आहेत, असे त्याचे शीर्षक सांगते. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नाही. 'एक रहिवासी' एवढीच ओळख आहे. निनावी प्रकाशनाची ही त्या काळातील सर्वसामान्य रीत होती, हे मान्य करूनही या निवडीजवळ थांबणे भाग आहे. पुस्तक लिहिले जात असताना फर्नीहर्स्ट त्याच्या हातून केव्हाच गेले होते. ज्या भूमीवर तो जेमतेम काही वर्षे होता, तिचा रहिवासी म्हणून तो वाचकापुढे येतो आणि हजारो वर्षे तेथे राहिलेली माणसे त्या पुस्तकात वर्णनाचा विषय म्हणून येतात. 'निवासी' कोण आणि 'आदिवासी' कोण, याची वाटणी येथे पहिल्या पानाच्या आधीच, मुखपृष्ठावर झालेली आहे. संहितेचा अर्थ तिच्या सहीपासून सुरू होतो, या विधानाला याहून बोलका दाखला शोधावा लागू नये.

ही माणसे जाजावुरुंग या नावाने ओळखली जातात. नावाची फोड त्यांच्या भाषेतच आहे: 'जाजा' म्हणजे होय आणि 'वुरुंग' म्हणजे मुख, वाणी. होकारासाठी ज्यांच्या तोंडी 'जाजा' हा शब्द असतो, ते जाजावुरुंग. या प्रदेशातील अनेक जनसमूहांची नावे अशी होकाराच्या वा नकाराच्या शब्दावरून पडलेली आहेत. माणसांनी वंशावरून वा भूमीवरून नाव न घेता बोलण्याच्या लकबीवरून घ्यावे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला मोहवील. पण पुढील इतिहास वाचताना हेच नाव बोचू लागते. ज्यांच्या नावातच होकार आहे, त्यांचा होकार कोणीही, कशासाठीही विचारला नाही.

१८३० च्या दशकाच्या अखेरीस गोऱ्यांच्या बंदुका आणि त्यांच्या आधीच येऊन पोहोचलेले देवीसारखे रोग यांनी या समाजाची संख्या झपाट्याने घटवली होती. १८३९ साली कॅम्पास्पी नदीच्या मैदानात हत्याकांड झाले. लंडनच्या आदेशाने १८३८ साली मूलनिवासींसाठी 'संरक्षक' नेमण्यात आले. त्यांपैकी एडवर्ड स्टोन पार्कर याने १८४१ मध्ये लॉडन प्रदेशात, आजच्या फ्रँकलिनफोर्डजवळ, संरक्षक ठाणे उभारले. ही व्यवस्था १८४९ च्या अखेरीस गुंडाळण्यात आली. केर फर्नीहर्स्टला आला, तो याच सुमारास. दोनच वर्षांनी, १८५१ मध्ये, जाजावुरुंगांच्याच भूमीत बेंडिगो येथे सोने सापडले आणि रानांवरचे गोरे मजूर खाणींकडे धावले. मेंढ्या राखायला, घोडे सांभाळायला, लोकर कातरायच्या दिवसांत राबायला माणसे उरली नाहीत. तेव्हा जमीनदारांना मूलनिवासी मजुरांची गरज भासू लागली. केरच्या छायाचित्रांतील माणसांकडे पाहताना हे ध्यानात घ्यावयास हवे. ती दुर्गम अरण्यात अकस्मात गवसलेली माणसे नव्हेत. छायाचित्रकार त्यांना ओळखत होता, ती त्याला ओळखत होती आणि त्यांच्यात भूमीचा, श्रमाचा व शिध्याचा रोजचा संबंध होता.

केरच्या नावाशी जोडल्या गेलेल्या छायाचित्रांत कॉरोबोरीचे छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. कॉरोबोरी म्हणजे नृत्यगायनाचा सोहळा. शब्द सिडनीकडच्या भाषेतून इंग्रजीत गेला आणि गोऱ्यांनी तो खंडभरच्या सगळ्या समारंभांना सरसकट चिकटवला. छायाचित्रात अंगावर पांढरे पट्टे ओढलेले पुरुष एका ओळीत उभे आहेत. हे चित्र पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ती त्यातील स्तब्धता. कॉरोबोरी रात्री होई, शेकोटीच्या उजेडात होई. अंगावरचे पांढरे पट्टे त्या हलत्या उजेडासाठीच असत. अंधारात शरीर विरून जाई आणि केवळ रेषा नाचत. पायाला बांधलेल्या डहाळ्यांची सळसळ, काठ्यांचा ठेका, बायकांचे गाणे, यांवाचून त्या सोहळ्याला अस्तित्व नव्हते. १८५० च्या दशकातील छायाचित्रणाला यातले काहीच साधण्यासारखे नव्हते. त्याला भरपूर सूर्यप्रकाश हवा असे आणि माणसांनी काही सेकंद निश्चल राहणे आवश्यक असे. म्हणजे नृत्याचे छायाचित्र काढावयाचे, तर रात्रीचा दिवस करावा लागे आणि नृत्य थांबवावे लागे.

येथे समीक्षेचा ओळखीचा मार्ग समोर दिसतो. छायाचित्र काढणे हा ताब्यात घेण्याचाच एक प्रकार आहे, असे सूझन सोनटॅग यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात मांडले. त्याच्या पुढल्या वर्षी एडवर्ड सईद यांनी 'इतरां'विषयीचे ज्ञान आणि त्यांच्यावरील सत्ता एकमेकांना कशी पोसतात, ते प्राच्यविद्येच्या संदर्भात दाखवून दिले. या दोन सूत्रांच्या साहाय्याने केरच्या छायाचित्राचे वाचन अगदी सरळपणे करता येते. जमीनमालकाने आधी भूमी स्थिर केली, कुंपणे घातली, सीमा आखल्या. मग माणसे स्थिर केली. नृत्य थांबले आणि त्याची प्रतिमा विकण्या-दाखवण्याजोगी झाली. पुसली जाणारी संस्कृती जतन करण्याचा आव आणणारा कॅमेरा तिच्या पुसले जाण्यात सहभागी होता. हे वाचन खोटे नाही. त्याला पुरावा आहे आणि ते नैतिकदृष्ट्याही समाधान देणारे आहे. कदाचित थोडे अधिकच समाधान देणारे. कारण या वाचनात बोलतो तो पुन्हा छायाचित्रकारच. मालक म्हणून असो की आरोपी म्हणून असो, कर्तेपणा त्याच्याकडेच राहतो. ओळीत उभे असलेले पुरुष वसाहतवादाच्या व्याकरणात कर्म होते, ते समीक्षेच्या व्याकरणातही कर्मच राहतात.

त्या पुरुषांच्या बाजूने विचार करू लागले, की चित्र निराळे दिसू लागते. अंगावर पट्टे ओढायला वेळ लागतो. ते एकट्याला ओढता येत नाहीत. पाठीवरच्या रेषांसाठी दुसऱ्याचा हात लागतो. पांढरी माती आणावी लागते, भिजवावी लागते. कोणता आकार कोणाच्या अंगावर यावा, याचे त्या समाजात नियम असतात आणि ते जमीनमालकाला ठाऊक असण्याचे कारण नसते. भर दुपारी, नाचाचा प्रसंग नसताना, एका गोऱ्या माणसाच्या यंत्रासाठी त्यांनी हे सारे केले. त्यासाठी त्यांना काहीतरी मिळाले असणार, आणि ते नाकारू शकत असते तर कदाचित नाकारलेही असते. पण केरने त्यांना उभे केले, एवढ्याने त्या रेषांचा हिशेब लागत नाही. त्या रेषा केरने काढलेल्या नाहीत. छायाचित्रातील सर्वांत उजळ, सर्वांत ठळक भाग, ज्याच्याकडे डोळा प्रथम जातो, तो दुसऱ्याच कोणाच्या हातचा आहे. एका चित्राच्या आत दुसरे चित्र आहे आणि त्या दुसऱ्या चित्राचे कर्तृत्व पहिल्याच्या सहीखाली झाकले गेले आहे.

रोलां बार्थ यांच्या छायाचित्रविषयक चिंतनाचा येथे उपयोग होतो, तो वेगळ्या कारणासाठी. १९८० च्या आपल्या अखेरच्या पुस्तकात त्यांनी असा आग्रह धरला, की छायाचित्र काहीही सुचवो, ते एक गोष्ट निःसंशय सांगते: समोरची वस्तू त्या क्षणी तेथे होती. चिन्हव्यवस्थेच्या या थोर भाष्यकाराने शेवटी चिन्हाच्या पलीकडील या हट्टी उरलेपणाजवळ येऊन थांबावे, हे त्या काळी अनेकांना बुचकळ्यात टाकणारे वाटले. परंतु ज्या समाजाविषयी 'तो आता संपला' असे सरकारी अहवाल, प्रवासवर्णने आणि आठवणींची पुस्तके एकमुखाने सांगत होती, त्याच्या वंशजांना या उरलेपणाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. केरच्या पुस्तकात सहानुभूती आहे, निरीक्षण आहे, अनेक समकालीनांत आढळणारा तिरस्कार नाही. तरी त्याचा सूर विलापिकेचा आहे. लोपत चाललेल्या लोकांची नोंद असा आहे. विलापिका ही जिवंत माणसांना उद्देशून लिहिता येत नाही. म्हणून त्यांना लिहिण्यापुरते मृत मानावे लागते. पुस्तक विलाप करत असताना छायाचित्रातील माणसे मात्र कॅमेऱ्याकडे पाहत उभी आहेत. एकाच माणसाच्या शब्दांना त्याच माणसाने काढलेल्या प्रतिमा साथ देत नाहीत, असा हा पेच आहे.

केरने छायाचित्रांखेरीज वस्तूही जमवल्या, हे वर आलेच आहे. १८५४ च्या ऑक्टोबरात मेलबर्न येथे एक मोठे प्रदर्शन भरले. पुढील वर्षी पॅरिसला भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनाची ती पूर्वतयारी होती. वसाहतीने जगाला आपले उत्पन्न दाखवावयाचे, हा हेतू. म्हणून लोकर, सोने, लाकूड, धान्य यांच्या शेजारी केरने जमवलेल्या मूलनिवासींच्या वस्तूही मांडल्या गेल्या. त्यांत झाडाच्या सालींवरील दोन चित्रे होती. बोर्टच्या परिसरातील ही चित्रे धुराने काळवंडलेल्या सालीवर टोकदार साधनाने ओरखडून काढलेली आहेत. माणसे आहेत, प्राणी आहेत, पक्षी आहेत. काळ्या पृष्ठाखालची फिकी साल जेथे उघडी पडते, तेथे रेषा उमटते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणपूर्व भागातून अशी सालचित्रे फारच थोडी उरली आहेत. ही दोन केरमुळे उरली, हे निर्विवाद. आणि ती आपल्या भूमीपासून दुरावली, तीही केरमुळेच.

ही सालचित्रे पॅरिसच्या वाटेने युरोपात गेली. एक ब्रिटिश म्युझियममध्ये आले, दुसरे लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानात, १८४७ साली स्थापन झालेल्या आर्थिक वनस्पतिशास्त्राच्या संग्रहात. क्यूच्या संग्रहाचे प्रयोजन, वनस्पतींपासून माणूस काय काय बनवतो, ते दाखवणे. दोर, डिंक, रंग, कागद यांच्या पंक्तीत सालचित्र बसले. वर्गीकरणाच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही, ती साल झाडाचीच आहे. मात्र एका माणसाने जे सांगण्यासाठी ती ओरखडली, ते सांगणे या वर्गवारीत नोंदण्याची सोय नव्हती. संग्रहालयाचे टाचण ही एक संहिताच असते आणि वस्तूला काय म्हणता येईल, हे तीच ठरवते. या दोन्ही सालींच्या टाचणांवर संग्राहकाचे नाव आहे. चित्रकाराचे नाव कोणी विचारले नाही, कोणी लिहिले नाही.

केरची छायाचित्रे आणि केरने जमवलेली सालचित्रे ही शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही एकाच प्रदेशातील, एकाच दशकातील. दोन्हींमध्ये एखादे पृष्ठ आधी तयार करून घेतले जाते आणि मग त्यावर आकृती उमटते; एकात उजेडाचे काम, दुसऱ्यात धुराचे आणि नखाएवढ्या टोकाचे. छायाचित्रात एक क्षण आहे, जागा एकच आहे, पाहणाराही एकाच ठिकाणी उभा आहे. सालचित्रात निरनिराळ्या आकृती एकाच पृष्ठावर नांदतात. त्यांना एका डोळ्याच्या शिस्तीत बसवलेले नाही. कला म्हणून त्यांतले कोणते श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ आहे. महत्त्वाचे असे, की केर ज्यांचे छायाचित्र काढत होता, ते स्वतःही चित्र काढत होते, आणि ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती, कारण त्यांची चित्रे त्यानेच प्रदर्शनाला धाडली होती. छायाचित्राचा विषय आणि सालचित्राचा कर्ता एकाच समाजातील आहेत. तरीही वसाहतीच्या ज्ञानव्यवहाराने पहिल्याची नोंद 'मूलनिवासी' म्हणून घेतली आणि दुसऱ्याची 'मूलनिवासींचे उत्पादन' म्हणून. बोलणारा म्हणून त्यांच्यापैकी कोणाचीच नोंद झाली नाही.

दीडशे वर्षांनी ही सालचित्रे परत आली, तीही उसनी. २००४ साली मेलबर्नच्या संग्रहालयाने ब्रिटिश म्युझियम आणि क्यू यांच्याकडून ही दोन सालचित्रे आणि समारंभात वापरली जाणारी सालीची एक एमू-आकृती मागवून प्रदर्शन भरवले. प्रदर्शन संपत आले, तेव्हा जाजावुरुंगांचे ज्येष्ठ प्रतिनिधी गॅरी मरे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ च्या मूलनिवासी वारसा संरक्षण कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्यान्वये वारशाला तातडीचा धोका असल्यास तीस दिवसांची संरक्षक घोषणा काढता येत असे. वस्तू देशाबाहेर जाणे हाच धोका, अशी त्यांची भूमिका. घोषणा निघाली, मुदत संपताच दुसरी निघाली, मग तिसरी. अशा रीतीने सालचित्रे महिनोन्‌महिने मेलबर्नमध्ये अडकून राहिली. स्थानिक संग्रहालयाने केलेला करार मोडत होता, लंडनच्या संग्रहालयाला १९६३ च्या आपल्या कायद्याने संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास जवळजवळ मनाई होती, आणि जाजावुरुंगांचे म्हणणे असे, की ज्या करारात ते पक्ष नाहीत, त्याने ते बांधले कसे जातात?

२००५ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने निर्णय दिला. तातडीची घोषणा एकामागून एक अशी पुन्हा पुन्हा काढता येणार नाही, असा कायद्याचा अर्थ न्यायालयाने लावला. वस्तू लंडनला परतल्या. न्यायालयापुढील प्रश्न कायद्याच्या शब्दरचनेचा होता आणि त्यापुरते उत्तर दिले गेले. ही साल कोणाची, हा प्रश्न ज्या स्वरूपात विचारला गेला होता, त्या स्वरूपात तो न्यायालयासमोर कधी आलाच नाही. ज्यांना अर्थनिर्णयनाच्या प्रश्नांत रस आहे, त्यांना या प्रकरणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. संहितेचे अर्थ अनंत असतात, असे साहित्यसमीक्षा म्हणते. येथे एका शब्दाचा अर्थ 'एकदाच' घ्यावयाचा की 'वारंवार', यावर दोन सालींचा मुक्काम ठरला.

या प्रसंगातही सोपी बाजू घेण्याचा मोह होतो. उसनी वस्तू परत करावी, नाहीतर पुढे कोणी उसने देणार नाही, ही संग्रहालयाची अडचण खरी होती. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१३ साली परदेशातून उसन्या आणलेल्या सांस्कृतिक वस्तूंना अशा जप्तीपासून संरक्षण देणारा कायदा केला, तो या अडचणीला दिलेला प्रतिसाद होता. त्याच २०१३ साली व्हिक्टोरिया सरकारने जाजावुरुंगांशी समझोता करून त्यांना त्यांच्या परंपरागत भूमीचे धनी म्हणून मान्यता दिली. एकाच वर्षी भूमीच्या संदर्भात 'ही तुमची' असे मान्य झाले आणि त्या भूमीतल्या झाडाच्या सालीच्या संदर्भात 'ती मागता येणार नाही' याची तजवीज झाली. दोन्ही कायदे आपापल्या जागी सुसंगत आहेत. विसंगती दिसते, ती सालीच्या जागेवरून पाहिले तर.

आज केरची छायाचित्रे मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात आहेत आणि त्याचे आठवणींचे पुस्तक १९९६ साली पुन्हा छापले गेले, तेव्हा त्यावर त्याचे नाव आले. निनावी रहिवाशाला सव्वाशे वर्षांनी त्याचे नाव मिळाले. ऑस्ट्रेलियातील ग्रंथालये आणि संग्रहालये अशा छायाचित्रांपूर्वी मूलनिवासी वाचकांना सावध करणारी सूचना देतात, की पुढे दिवंगतांच्या प्रतिमा आहेत. अनेक मूलनिवासी समाजांत गेलेल्या माणसाचे नाव काही काळ उच्चारत नाहीत, त्याची प्रतिमा पाहत नाहीत. या सूचनेचा अर्थ नीट पाहिला, तर तिने छायाचित्राचा वाचकच बदललेला आहे, असे लक्षात येते. केरने ज्या वाचकासाठी ही चित्रे काढली, तो मेलबर्नचा, पॅरिसचा, एडिंबरोचा होता. ओळीत उभी असलेली माणसे आपल्याच नातवंडा-पणतवंडांकडे पाहत आहेत, हे त्याच्या कल्पनेत नव्हते. आता वंशज त्या चित्रांत अंगावरच्या रेषांची घडण शोधतात, चेहऱ्यांत साम्य शोधतात, तुटलेली गाणी आणि सोहळे पुन्हा जोडताना त्यांचा आधार घेतात. जेन लायडन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या, कोरंडर्क वसाहतीतील छायाचित्रांच्या आपल्या अभ्यासात, मूलनिवासींनी कॅमेऱ्याला दिलेल्या प्रतिसादाकडे असेच लक्ष वेधले आहे. १८६३ साली वसलेल्या त्या कोरंडर्कमध्ये इतर मूलनिवासींबरोबर काही जाजावुरुंग कुटुंबेही नेऊन ठेवण्यात आली होती. म्हणजे फर्नीहर्स्टच्या माणसांची कथा केरच्या विलापिकेबरोबर संपत नाही. ती पुढे दुसऱ्या कॅमेऱ्यापुढे चालू राहते.

यातून केरला निर्दोष ठरवता येत नाही आणि त्याची गरजही नाही. ज्या साम्राज्याने भूमी काढून घेतली, त्याच्या सोयींवाचून त्याचा कॅमेरा लॉडनकाठी पोहोचला नसता. पण तो जे काढत होता, ते त्याला पूर्णपणे कळलेले नव्हते. छायाचित्रकाराचा हेतू चौकट ठरवतो. चौकटीत काय शिरते, ते त्याच्या हाती पूर्णपणे राहत नाही. समीक्षकाचेही तसेच आहे. सत्तेचे विश्लेषण करताना तोही एक चौकट आखतो आणि ओळीत उभे असलेल्यांना तिच्यात बसवतो. त्यांच्या अंगावरच्या रेषा कोणी काढल्या, एवढा साधा प्रश्न विचारला, तरी ती चौकट थोडी हलते.

मराठीत 'नाव काढणे' असाही एक प्रयोग आहे. एखाद्याचा उल्लेख करणे हा त्याचा एक अर्थ. कुळाची कीर्ती वाढवणे हा दुसरा. लॉडनकाठच्या त्या चित्रकारांचे नाव पहिल्या अर्थाने कोणी काढले नाही आणि आता ते कागदांतून निघणारही नाही. दुसऱ्या अर्थाने त्यांचे नाव काढण्याचे काम, २००४ साली एकामागून एक घोषणा काढत राहिलेल्या त्यांच्या वंशजांनी केले. साली अजून लंडनच्या बाजूला आहेत. ज्या झाडांच्या त्या आहेत, त्या जातीची झाडे लॉडनच्या काठाने आजही उभी आहेत. जुन्या खोडांवर, होड्यांसाठी व ढालींसाठी पूर्वजांनी जेथून साल काढली, तेथे लांबट व्रण दिसतात. साल काढूनही झाड मरू न देण्याची ही कला होती. त्या व्रणांभोवती झाड वाढत राहिले आहे.